काळीवरचे घर : फुगणाऱ्या जमिनीत पाया कसा घ्यावा

जुन्या गावगाड्यात जमिनीचे दोन भाग मानले जात. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळीत शेत करावे व पांढरीत घर बांधावे, अशी ही वाटणी होती. ती केवळ महसुलाच्या सोयीसाठी झालेली नव्हती. काळी माती पिकास जितकी उपकारक, तितकीच ती भिंतीस अपकारक असते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्या वाटणीत साठविलेला होता. शिरूर व दौंड तालुक्यांतील जुनी गावठाणे पाहिली असता बहुतेक घरे उंचवट्यावर, मुरमाड किंवा पांढऱ्या मातीच्या जागेवर वसलेली आढळतात. नदीकाठची खोल काळी रान म्हणून राखली जाई.

पाणी आले आणि ही रीत पालटली. खडकवासल्याच्या धरणातून निघालेल्या मुठा उजव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दौंड भागास पाणी दिले. पुढे घोड नदीवर चिंचणी येथे धरण झाले, चासकमानचा कालवाही शिरूरकडे आला. बागायत वाढली, ऊस आला, आणि पिकाची राखण व पाण्याची पाळी सांभाळण्यासाठी शेतकरी गावठाण सोडून रानातच वस्ती करून राहू लागला. अशा रीतीने पांढरीवरचे घर काळीवर गेले. परंतु घर हलले तरी पाया घेण्याची पद्धत मात्र पांढरीवरचीच राहिली. दोन-अडीच फूट चर खणावा, दगड भरावे आणि वर जोते उचलावे, ही रीत मुरमावर चालते. खोल काळीवर ती चालत नाही. नवे घर दोन-तीन पावसाळे पाहते न पाहते तोच खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकस भेग निघते, पावसाळ्यात दाराची फळी चौकटीत अडकते व फरशी मध्येच फुगून उठते. ह्याचा दोष पुष्कळदा गवंड्याला किंवा सिमेंटला दिला जातो. खरे कारण पायाखाली असते.

काळी माती का फुगते

दख्खनचे पठार ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बनले. त्या काळ्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन जी चिकणमाती तयार झाली तीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज विपुल असते. ह्या खनिजाची रचना एकावर एक ठेवलेल्या अतिशय पातळ पापुद्र्यांसारखी असते. पाणी मिळाले की ते ह्या पापुद्र्यांमध्ये शिरते व त्यांना एकमेकांपासून दूर लोटते, म्हणून माती फुगते. पाणी निघून गेले की पापुद्रे पुन्हा जवळ येतात आणि माती आकसते. उन्हाळ्यात काळ्या रानात ज्या भेगा पडतात, त्या ह्या आकसण्याच्याच खुणा होत. पिकाच्या दृष्टीने हा गुणच आहे. भेगांतून वरची भुसभुशीत माती खाली जाते, खालची वर येते, आणि जमीन जणू आपली आपणच नांगरली जाते. मात्र जी जमीन स्वतःस नांगरते, ती आपल्यावर उभ्या असलेल्या भिंतीसही स्वस्थ राहू देत नाही.

शिरूर व दौंड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. येथील वार्षिक पाऊस साधारणतः पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि तोही मुख्यतः जून ते ऑक्टोबर ह्या महिन्यांत पडतो. त्यानंतर सात-आठ महिने जमीन सुकत राहते. सदैव ओल्या किंवा सदैव कोरड्या प्रदेशात फुगणारी माती फारशी हालत नाही. जेथे ओल व सुकण आळीपाळीने येतात, तेथेच तिचा त्रास अधिक होतो. ह्या दोन तालुक्यांचे हवामान नेमके तसे आहे.

तथापि दोन्ही तालुक्यांतील सर्वच जमीन अशी नाही. शिरूरच्या पश्चिमेकडील पाबळ, केंदूर बाजूच्या माळांवर आणि दौंडच्या दक्षिणेकडील कुरकुंभ, रोटी परिसरात पुष्कळ ठिकाणी हातभर खणताच मुरूम लागतो. उलट भीमा, घोड, वेळ व मुळा-मुठा ह्या नद्यांच्या काठी आणि मुळा-मुठा व भीमा यांच्या दुआबातील राहू भागात काळीचे थर खोल आहेत. म्हणून तालुक्यास एकच नियम लावून चालणार नाही. प्रत्येक घराच्या जागेची परीक्षा स्वतंत्रपणेच करावी लागते.

घर नेमके कशाने मोडते

पाणी लागल्याने घर मोडते, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. घराखालची सारी माती सारखीच फुगली, तर घर सबंधच्या सबंध किंचित उचलले जाईल, त्यास तडा जाणार नाही. घर मोडते ते एका बाजूची माती ओली व दुसऱ्या बाजूची कोरडी राहिल्यामुळे. एक कोपरा वर उचलला जातो, दुसरा खाली बसतो, आणि मधली भिंत फाटते. काळीवरील बांधकामाचे सारे शास्त्र ह्या एका वाक्यात सांगता येते : पायाखालची ओल बदलू देऊ नये, आणि बदललीच तर ती सर्वत्र सारखी बदलावी.

समजा, कालव्याखालच्या एका वस्तीवर पूर्व-पश्चिम घर आहे. पूर्वेस घराला लागून उसाचा फड आहे, त्यास बारमाही पाणी मिळते. न्हाणीचे पाणीही त्याच बाजूस सोडले आहे. पश्चिमेस कोरडे खळे असून भिंतीपासून पाच-सहा हातांवर मोठे कडुलिंबाचे झाड आहे. पूर्वेची माती वर्षभर फुगलेली राहील. पश्चिमेची माती उन्हाने तर सुकेलच, शिवाय झाडाची मुळे खोलवरची ओल शोषून घेतील. अशा घरास तडा गेला नाही, तरच नवल. येथे पाऊस नव्हे, तर घरधन्याचीच मांडणी घातास कारण झाली, असे म्हणावे लागेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. घर बांधले की त्याच्या पोटाखालच्या मातीवर ऊन पडत नाही व तेथील बाष्पीभवन थांबते. खालून वर येणारी ओल मध्यभागी हळूहळू साठते. कडेची माती मात्र ऋतूप्रमाणे फुगते व आकसते. म्हणून काही वर्षांनी मधली फरशी घुमटासारखी उचलली जाते आणि बाहेरच्या भिंतींवर वरच्या अंगास रुंद व खाली निमुळत्या होत जाणाऱ्या भेगा दिसू लागतात. भेग खाली रुंद व वर निमुळती असेल, तर बहुधा कडेची माती फुगून वर आली असे समजावे.

हलक्या इमारतींस हा धोका अधिक असतो, हे ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटते. फुगणाऱ्या मातीचा वर रेटण्याचा दाब एकमजली घराच्या ओझ्याहून अधिक असू शकतो. अनेक मजली इमारत आपल्या भाराने मातीस काही अंशी दाबून धरते. घरकुल, शाळेची खोली, समाजमंदिर किंवा गोठा यांस तेवढे वजन नसते.

ह्या संदर्भात शिरूर तालुक्यातील इनामगावचे उदाहरण उद्बोधक आहे. घोड नदीकाठच्या ह्या गावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन करून सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. तेथील घरांच्या भिंती बुटक्या मातीच्या व वर कुडाच्या होत्या. कूड जमिनीबरोबर थोडा वाकतो, आणि बिघडलाच तर लिंपून नीट करता येतो. दगड-विटांची सिमेंटने सांधलेली भिंत वाकत नाही, ती एकदम फाटते. भिंत जितकी ताठ, तितका पाया निश्चल हवा.

जागेची परीक्षा

पाया आखण्यापूर्वी चाचणीचा खड्डा घेणे अगत्याचे आहे. घराच्या नियोजित जागेच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर, मुरूम किंवा कच्चा खडक लागेपर्यंत, निदान दोन मीटरपर्यंत खणावे. काळी किती खोल आहे, चुनखडीचे खडे कोठे लागतात, उन्हाळी भेगा कोठवर पोहोचल्या आहेत, हे पाहून लिहून ठेवावे. एका कोपऱ्यावर मुरूम वर आणि दुसऱ्यावर खोल असेल, तर ती जागा सर्वांत धोक्याची समजावी. कारण अर्धे घर मुरमावर स्थिर राहील व अर्धे काळीबरोबर हालेल. शक्य असल्यास घर दहा-वीस मीटर सरकवून सबंध मुरमावर घ्यावे. ह्यासारखा स्वस्त उपाय दुसरा नाही.

माती किती फुगते हे मोजण्याची एक सोपी कसोटी भारतीय मानकांत दिलेली आहे. पूर्ण वाळविलेल्या, बारीक कुटून चाळलेल्या मातीचे दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग घ्यावे. खुणा असलेल्या १०० मिलिलिटरच्या दोन काचनळ्यांपैकी एकीत पाणी व दुसरीत रॉकेल भरून त्यांत ती माती घालावी, ढवळून अडकलेली हवा घालवावी आणि निदान २४ तास स्थिर ठेवावे. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्ही नळ्यांतील मातीच्या घनफळांतील फरकास रॉकेलातील घनफळाने भागून शंभराने गुणले की फुगण्याचा निर्देशांक मिळतो. उदाहरणार्थ, रॉकेलात माती १२ मिलिलिटर व पाण्यात २१ मिलिलिटर भरली, तर फरक ९ आणि निर्देशांक ७५ टक्के. निर्देशांक ५० पेक्षा कमी असल्यास फुगणे अल्प, ५० ते १०० असल्यास मध्यम, १०० ते २०० असल्यास तीव्र आणि २०० च्या वर अतितीव्र समजतात. पिकासाठी मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत आम्ल-विम्लता, क्षार व अन्नद्रव्ये यांचे आकडे असतात. फुगण्याचा हा आकडा तीत नसतो. म्हणून पत्रिका चांगली आली, एवढ्यावरून जागा घरास योग्य ठरत नाही.

पाया घेण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग, काळी उथळ असल्यास. दीड ते दोन मीटरच्या आत मुरूम लागत असेल, तर सर्व भिंतींचा पाया मुरमापर्यंत न्यावा. चर भिंतीहून पुरेसा रुंद खणावा आणि पायाच्या दोन्ही बगलांस काळी न भरता मुरूम ठोकून भरावा. बगलेस काळी राहिली तर ती फुगून पायास आडवा रेटा देते.

दुसरा मार्ग, काळी खोल असून इमारत लहान असल्यास. पायाखालची काळी काढून तिच्या जागी न फुगणाऱ्या परंतु चिकटपणा असलेल्या मुरमाचा थर द्यावा. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी ह्या पद्धतीवर दीर्घ संशोधन केले. सुमारे एक मीटर जाडीचा असा थर खालच्या काळीचे फुगणे पुष्कळ अंशी आवरून धरतो, असे त्यातून दिसून आले. कालव्यांच्या अस्तरीकरणातही ही पद्धत वापरली गेली. येथे एक चूक हटकून होते. मुरमाऐवजी नुसती वाळू भरतात. चिकणमातीच्या खड्ड्यात वाळू भरणे म्हणजे पायाखाली हौद बांधण्यासारखे होय. सभोवारचे पाणी त्यात साठते आणि खालची काळी अधिकच फुगते. मुरूम पंधरा ते वीस सेंटिमीटरच्या थरांनी, बेताची ओल देऊन, एकेक थर धुमसाने नीट ठोकून बसवावा. त्यावर जोत्याच्या पातळीस लोखंडी सळ्यांसह काँक्रीटचा अखंड पट्टा व दारा-खिडक्यांच्या वर दुसरा पट्टा द्यावा. पट्ट्यांमुळे घर एका पेटीसारखे एकत्र बांधले जाते व थोडी हालचाल सहन करते.

तिसरा मार्ग, काळी फार खोल व तीव्र फुगणारी असल्यास, किंवा इमारत महत्त्वाची असल्यास. रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे स्तंभ विकसित केले. ह्यास अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. जमिनीत गोल भोक पाडून तळाशी ते कांद्यासारखे रुंद करतात. फुगवट्याचा व्यास सामान्यतः स्तंभाच्या अडीचपट असतो. खोल काळीत हे स्तंभ निदान साडेतीन मीटर खोल नेतात, कारण तेथवर ऋतूची ओल-सुकण सहसा पोहोचत नाही. वरची माती फुगून स्तंभास उचलू पाहते, पण तळाचा फुगवटा नांगरासारखा त्यास धरून ठेवतो. स्तंभांच्या माथ्यावर तुळया टाकून त्यांवर भिंती उभारतात. तुळई व जमीन यांमध्ये सुमारे आठ सेंटिमीटर मोकळी जागा सोडणे अत्यावश्यक आहे, नाहीतर माती फुगून तुळईसच वर ढकलील. हे काम अभियंत्याच्या देखरेखीखालीच करावे.

खर्चाचा प्रश्न येथे टाळता येत नाही. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली, तेव्हा सपाट प्रदेशातील घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य व निदान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरविण्यात आले. एवढ्या रकमेत घर उभे करताना पायात काटकसर करून ती रक्कम वरच्या कामास वळविण्याचा मोह होतो, कारण पाया जमिनीत गडप होतो, दिसत नाही. परंतु फाटलेली भिंत पुन्हा बांधण्यास पुन्हा साहाय्य मिळत नाही, आणि पायाची दुरुस्ती नव्या पायाहून महाग पडते. जागा निवडणे, भर योग्य घालणे व पाणी दूर नेणे ह्या तीन गोष्टींस पैसा थोडा व दक्षता अधिक लागते. लहान घराचे संरक्षण प्रथम त्यांनीच होते.

जोत्यातील भर व घराभोवतीचे पाणी

चर खणताना निघालेली काळी मातीच जोत्यात भर म्हणून टाकण्याची चाल फार आहे. ती सर्वथा सोडावी. असे केल्याने पायाखालून काढलेला शत्रू फरशीखाली आणून बसविल्यासारखे होते. निघालेली काळी शेतात पसरावी, तेथे तिचे मोल आहे. जोत्यात मुरूम ठोकून भरावा. चर उघडा ठेवून दिवसेंदिवस थांबू नये. उन्हात त्याच्या बाजू सुकून भेगाळतात व पावसात पाणी भरते. काम कोरड्या दिवसांत सलग उरकावे आणि मृगापूर्वी घराभोवतीची फरसबंदी पुरी करावी.

ही फरसबंदी भिंतीपासून दीड ते दोन मीटर रुंद व बाहेरच्या बाजूस उताराची असावी. तिच्यामुळे पावसाचे पाणी भिंतीलगत मुरत नाही व उन्हाळ्यात तेथील मातीही एकाएकी सुकत नाही. छपराच्या पागोळ्या फरसबंदीच्या आत पडू नयेत, पन्हळ लावून पाणी लांब न्यावे. न्हाणी, मोरी व हौद यांचे सांडपाणी पक्क्या नळाने दूर सोडावे. शौचालयाचा शोषखड्डा भिंतीस लागून घेऊ नये. काळीत पाणी लवकर जिरत नाही, ते आडवे पसरते व पायापर्यंत येते. ऊस, केळी किंवा भाजीपाल्याचे वाफे घरापासून काही अंतर राखूनच करावे. मोठे झाड भिंतीपासून त्याच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतके तरी दूर असावे.

घरास मागाहून पडवी किंवा स्वयंपाकघर जोडावयाचे असल्यास त्याचा पाया जुन्या घराइतकाच खोल घ्यावा व दोहोंमध्ये सरळ उभा सांधा सोडावा. जुन्या भिंतीत नवी भिंत गुंतवू नये.

तडा गेलेले घर

भेग दिसताच ती सिमेंटने बुजविण्याची घाई करू नये. ऋतूबरोबर उघडणारी व मिटणारी भेग नुसती बुजविली, तर पुढच्या ऋतूत भिंत तिच्या शेजारीच फाटते. भेगेवर प्लास्टरची लहान पट्टी आडवी लावून तीवर तारीख लिहावी आणि निदान एक पावसाळा व एक उन्हाळा ती पाहावी. पट्टी तडकली, तर हालचाल चालू आहे असे समजावे. दरम्यान कारण शोधावे. फुटका नळ, भिंतीलगतचा वाफा, तुंबलेली मोरी, जवळचे झाड ही नेहमीची कारणे होत. पाणी प्रथम दूर करावे, फरसबंदी करावी, आणि हालचाल थांबल्यावरच भेग भरावी. भिंत ओळंब्यातून सुटून कलली असेल किंवा छपराची तुळई बैठकीवरून सरकत असेल, तर तेथे माणसे निजवू नयेत व अभियंत्याचा सल्ला तात्काळ घ्यावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

घर मंजूर झालेल्या कुटुंबाकडे चर आखण्याच्या आधी जावे, जोते उभे राहिल्यावर नव्हे. तेथे पाच गोष्टी पाहाव्या. चाचणीचा खड्डा घेतला आहे काय? सर्व कोपऱ्यांखाली एकाच जातीची जमीन आहे काय? जोत्यात मुरूम भरला जात आहे काय? सांडपाणी व पागोळ्या कोठे जाणार? झाड, वाफा व शोषखड्डा घरापासून दूर आहेत काय? ह्या पाचांपैकी एकाचेही उत्तर समाधानकारक नसेल, तर काम आठ दिवस थांबले तरी हरकत नाही. शेतकरी आयुष्यात बहुधा एकदाच घर बांधतो, आणि त्या आठ दिवसांचा उपयोग पुढे पन्नास वर्षे होतो.

काळी माती वाईट नाही. तिच्याच जिवावर घोड-भीमेचे खोरे समृद्ध झाले. तिचा स्वभाव ओळखून तिला पिकाखाली ठेवावे, आणि घराखाली आणणे भागच पडले, तर ती तहानेने आकसणार नाही व पाण्याने फुगणार नाही अशी व्यवस्था पाया घेतानाच करून ठेवावी.